मुराळ्याची गाडी

५ जून १९७४

आज गाडी घेतली. पिकप. आधी मिलिटरीची होती, मग एका गुत्तेदाराची. दुष्काळी कामं बंद झाली तशी त्यानं काढून टाकली. कितीला घेतली ते इथं लिहीत नाही, माझ्या बायकोला, जनकाला, वाचता येतं. इंजिन बंद आहे. बाकी सगळं जागेवर आहे. बैलजोडी लावून घरापर्यंत ओढत आणली. कळमनुरीच्या लोकांना उद्योग नाही, निम्मा बाजार मागं मागं आला. हसून घ्या म्हणावं.

दुरुस्ती मीच करणार. पिठाची गिरणी आहे माझी. तिचं इंजिन दर पावसाळ्यात मीच खोलतो, मीच बसवतो. गाडीचं इंजिन म्हणजे तेच, फक्त ते जागेवर राहत नाही. मिस्त्रीला हात लावू देणार नाही.

६ जून

गाडी कशासाठी घेतली ते एकदा लिहून ठेवतो, कारण या घरात कोणाला समजावून फायदा नाही.

पदमा, माझी धाकटी बहीण, पुसेगावात दिलेली. वडील गेले तेव्हापासून सणाला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच जातो. दुसरा भाऊ नाही. तिच्या सासूचा नियम असा की भाऊ न्यायला आल्याशिवाय सून उंबऱ्याबाहेर पाठवायची नाही. मागच्या दिवाळीला माझी एस.टी. चुकली आणि एक दिवस उशीर झाला. तेवढ्यावरून ती बाई चार माणसांत म्हणाली, मुराळी हाय का वायद्याचा माणूस, येतो म्हणतो अन् येतच न्हाई. मी तिथंच मनाशी ठरवलं. पुन्हा पुसेगावात पाय ठेवीन तर स्वतःच्या गाडीतून.

चैत्रात पदमाचं लेकरू गेलं. चार महिन्यांचं होतं. आई जाऊन आली. मी गेलो नाही. लग्नसराईची दळणं होती, आणि शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून पदमा माहेरी यायचं म्हणते आहे. आता पंचमीला आणू. पंचमीला अजून पुष्कळ वेळ आहे.

गाडीचं पुसेगावात कळता कामा नये. आईला तसं बजावलं. सासूचं तोंड मला एकदमच बघायचं आहे.

१५ जून

इंजिन खोललं. त्यासाठी गिरणी बंद ठेवावी लागली. दळणाच्या पाट्या घेऊन बाया दारात बसून होत्या. त्यातल्या एकीनं जनकाला विचारलं, मालकानं नवा धंदा काढला काय. जनका म्हणाली, धंदा न्हाई माय, खेळ हाय. बायको असून अशी बोलते.

पंख्याचा पट्टा तुटलेला होता. गिरणीचा जुना पट्टा कापून, टाके घालून बसवला. कंपनीच्या पट्ट्यापेक्षा हा मजबूत. थोडा रुंद आहे, म्हणून मधून मधून निसटतो.

३० जून

इंजिन चालू व्हायचं आहे, पण ते किरकोळ काम. आधी रंग. माणूस गाडी बाहेरून बघतो, बॉनेट उघडून कोण बघतं? सासू तर नाहीच बघणार. लालभडक रंग दिला. समोर पांढऱ्या अक्षरात ‘मुराळी’ लिहिलं. दोन हॉर्न बसवले, एक जाड आवाजाचा, एक बारीक.

शेजारचा हरिचंद टेलर बघायला आला. म्हणाला, हॉर्न झ्याक हाय, आता त्याच्या मागं गाडी लावा. सुई-दोऱ्याच्या माणसाला मशीनमधलं काय कळतं? मागच्या भागात एक बाक करून त्यावर गादी टाकायची आहे, आणि ती त्यालाच शिवायला सांगितली. त्याचं काम तेवढंच.

८ जुलै

बाजाराचा दिवस. पुसेगावचा एक माणूस दर बाजाराला येतो, आई त्याच्याकडून पदमाची खबर घेते. पदमानं विचारलंय, पंचमीला दादा येऊन राहिला का. आई माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, काय सांगू त्याला? मी कार्बोरेटर धूत होतो. सांग, येतो.

१७ जुलै

इंजिन चालू झालं!

रॉकेल मिसळलं म्हणून धूर जास्त झाला. गल्लीतल्या लोकांनी वाळत घातलेले कपडे आत घेतले. एकानंही येऊन शाबास म्हटलं नाही. उद्या वर्गणी मागायला मात्र सगळे येतील.

२२ जुलै

ओढ्यापर्यंत ट्रायल घेतली. रेडिएटर गळतो. गुत्तेदाराचा जुना ड्रायव्हर भीमसिंग बाजारात भेटला. म्हणाला, मूठभर हळद टाका, भोक बंद होतं, सगळे ड्रायव्हर तेच करतात.

घरी हळद मागितली तर जनकानं डबा पदराखाली घेतला. ठीक आहे. मी विचार केला, हळद म्हणजे काय? पूड. पूड भोकात बसते आणि भोक बंद होतं. मग हळदच कशाला? माझ्याकडं पुडीची काय कमी? गिरणीत ज्वारीचं पीठ पडलेलं असतंच. हळदीपेक्षा जास्त चिकट. चांगलं ओंजळभर टाकलं. गळती जागच्या जागी बंद. पिढ्यान्पिढ्या ड्रायव्हर हळद फुकट घालवत आले आणि कोणाला हे सुचलं नाही. गिरणीवाल्याचं डोकं लागतं.

उद्या सकाळी पुसेगाव.

२३ जुलै

सकाळी नारळ फोडून निघालो. हिंगोलीच्या रस्त्यावर निम्म्यात बॉनेटमधून वाफ आली. रेडिएटरचं टोपण काढलं तर आंबील. खरोखर आंबील, शिजलेली, घट्ट. उकळी येऊन बाहेर पडत होती. शेतातून दोन माणसं धावत आली. एक म्हणाला, मीठ टाकलं का? दुसरा म्हणाला, ताक पायजे.

बैलांनी परत ओढत आणली. आई दारात होती. गाडीकडं बघितलं, मग गाडीच्या मागं रस्त्याकडं बघितलं, आणि आत गेली.

चूक पिठाची नाही. बारीक दळायला हवं होतं.

२४ जुलै, पंचमी

जनकाचा भाऊ संतराम काल रात्रीच मुराळी म्हणून आला होता. एस.टी.नं. पायजम्यावर गुडघ्यापर्यंत चिखल. बहिणीला न्यायला माणूस असा येतो? जनका मात्र सकाळी लवकर उठून नवी साडी नेसून तयार. जाताना हसत होती. संतराम मला म्हणाला, दाजी, मी तिला घरी सोडून तसाच पुसेगावला जातो, पदमाताईला घेऊन येतो, बशीला काय लागतं. मी साफ नाही म्हणालो. मुराळी म्हणजे काय कोणीही? सख्खा भाऊ जिवंत असताना परका माणूस जाणार?

आईनं पुरणाचे दिंड केले. दोघांनाच बसून खायचे होते. तिनं खाल्ले नाहीत. बाहेर पोरी निंबाला झोका बांधून गात होत्या. आई म्हणाली, दार लाव. मी लावलं.

तिलाही कळायला हवं की मी दीड महिना कोणासाठी मरतो आहे.

५ ऑगस्ट

आई बाजारातून आली. पदमानं पुसेगावच्या माणसाच्या हाती सुंठ आणि मधाची बाटली पाठवली. निरोप असा की दादानं जिवाला जपावं. कशाला पाठवलं कोण जाणे. बरं वाटलं मात्र. एवढ्या मोठ्या घरात माझी काळजी करणारी तीच एक. सुंठ चहात टाकली. मधानं गादीचं रेक्झिन चिकटतं का बघितलं. चिकटत नाही.

२० ऑगस्ट

परवापासून धोंड्याचा महिना लागला. हे बरंच झालं. वर्षात एक अख्खा महिना जास्तीचा मिळाला. शिवाय धोंड्याला जावई-लेकीला बोलावून जेवू घालायची रीतच आहे, म्हणजे मुंजाजीरावही गाडीत बसतील. मुंजाजीराव, पदमाचा नवरा, मऊ माणूस. स्वतःच्या आईसमोर बोलत नाही. त्यांना गाडीतून उतरताना सगळं गाव बघेल. पंचमीला गेलो असतो तर ही संधी गेली असती. एकूण आंबील झाली ते बऱ्यासाठीच.

रेडिएटर तीन वेळा धुतला, आता भोकाला साबण लावला आहे. उरले ब्रेक.

२९ ऑगस्ट

ब्रेकचं तेल कळमनुरीत मिळत नाही. मी घाण्यावरचं करडीचं तेल भरलं. तेल ते तेल. पहिले दोन दिवस ब्रेक इतके सुरेख लागले की हरिचंदला बोलावून दाखवले. तिसऱ्या दिवशी लागले ते सुटेचनात. आतले रबर फुगले असणार. चारही चाकं घट्ट. गाडी दारासमोर आडवी, ना पुढं ना मागं. गल्लीतली बैलगाडी आता पलीकडून वळून जाते आणि तो माणूस रोज जाताना आपल्या बैलांशी मोठ्यानं माझ्याबद्दल बोलतो.

जनकानं बॉनेटवर मिरच्या वाळत घातल्या. लाल रंगावर लाल मिरच्या.

९ सप्टेंबर

आई हरिचंदला सोबत घेऊन एस.टी.नं पुसेगावला जाऊन आली. मला सांगून गेली नाही. आल्यावर आधी चूल पेटवली. मग म्हणाली, पोरगी वाळून गेली. बोलत न्हाई. काम करते अन् भिताडाकडं बघत बसते. माझ्यासंगं धाडा म्हटलं तर सासू म्हणते, धडधाकट भाऊ असता तर गोष्ट वेगळी, म्हातारीच्या मागं सून कशी लावून देऊ, वाटंत काही झालं तर कोण बघंल. भावाला आणा, हातात हात देते.

धडधाकट भाऊ असता तर, म्हणजे काय? बाई काहीही बोलते. मी आईला विचारलं, आई म्हणाली, तिचं काय मनावर घेतो.

मग आईनं माझा हात धरला. अशी ती कधी धरत नाही. म्हणाली, उद्या सकाळच्या बशीनं जा रे. कसाही जा. मी म्हटलं, आणि ती बाई पुन्हा चार माणसांत बोलली तर? आई म्हणाली, बोलू दे की, बोलण्यानं भोकं पडतात काय.

आईला माझ्या अब्रूची किंमत नाही. वाईट वाटलं. दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी थोडं खाल्लं.

१८ सप्टेंबर

धोंड्याचा महिना संपला. असो. ती सक्तीची गोष्ट नाही, ऐपतीची आहे.

ब्रेकचे रबर आणायला आज नांदेडला गेलो. एस.टी.नं. जनकानं विचारलं, बशीनं जाऊन राहिले का? मी म्हटलं, स्पेअर पार्टसाठी बसनं जाणं वेगळं, बहिणीसाठी वेगळं. ती हिशेबाला लागल्यासारखी माझ्याकडं बघत राहिली. बस अगदी वेळेवर होती. जायला यायला त्रास झाला नाही. हे इथंच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

२७ सप्टेंबर

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. पदमा नव्हती. त्यांच्यावर टांगायचा तळणाचा फुलवरा दरवर्षी तीच करते, या वर्षी आईनं एकटीनं केला. जनका मदत करायला गेली तर आई म्हणाली, राहू दे. घरात सगळे माझ्याशी असे वागतात की जणू मीच तिला पुसेगावात बांधून ठेवलं आहे. बांधून तिच्या सासूनं ठेवलं आहे. ती कोणाला दिसत नाही, मी रोज डोळ्यासमोर असतो म्हणून मी दिसतो.

ब्रेक बसवले. एका बाजूला ओढतात. डावीकडं. लक्षात ठेवलं की झालं.

२६ ऑक्टोबर

दसऱ्याला गाडीची पूजा केली, झेंडूचा हार घातला, आणि गाडी चालली. चालली म्हणजे हिंगोलीला जाऊन परत आली. कुठं बंद नाही, वाफ नाही, पट्टा एकदाच निसटला. मी रडायचाच बाकी होतो. हिंगोलीच्या बाजारात लोक वळून बघत होते. कळमनुरीत परतल्यावर संध्याकाळपर्यंत नुसती फिरवली. सरपंचाच्या भाच्याला बसवलं, पोस्टमास्तरला बसवलं. ज्यानं ज्यानं हसून घेतलं होतं त्याच्या दारासमोर दोन्ही हॉर्न वाजवले.

आईनं विचारलं, हिंगोलीला गेला तर तसाच पुढं पुसेगावला काहून न्हाई गेला? जवळच तर व्हतं. तिला काय सांगणार. गादी बसवलेली नव्हती. कडेचा रंग खरचटला होता. रिकाम्या हातानं, खरचटलेल्या गाडीतून जायचं, तेही इतक्या दिवसांनी? दिवाळीला जातो की, वाजतगाजत. इतके दिवस थांबली, अजून थोडे.

४ नोव्हेंबर

बाजाराचा दिवस. पुसेगावचा माणूस आला होता. पदमाचा काही निरोप नाही. दर वेळी दादा येतो का, दादा येतो का, ते आता बंद झालं. पोक्तपणा आला म्हणायचा. मलाही शांतपणे काम करता आलं. गादी बसवली. हरिचंदनं खरंच चांगली शिवली, कडेला पिवळी झालर आहे.

११ नोव्हेंबर

आई गाठोडं घेऊन सकाळीच निघाली. पदमाकडं जाते म्हणाली. मी म्हटलं, चारच दिवस थांब, गादीवर बसून जाशील. ती म्हणाली, तू तुझ्या गाडीनं ये, मी माझ्या गाडीनं जाते. एस.टी.ला ती माझी गाडी म्हणते.

जनकालाही संतराम येऊन घेऊन गेला. घरात मी आणि गाडी.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

गेलो होतो. जसं झालं तसं लिहितो.

पहाटे गाडी धुतली, धोतर-कोट घातला, पदमाला लुगडं घेतलं. हिंगोली, पुढं पुसेगाव. गाडी पाण्यासारखी गेली. गावात शिरताना दोन्ही हॉर्न वाजवले. पोरं मागं धावली. पदमाच्या सासरी दारासमोर थांबलो, बराच वेळ वाजवत राहिलो. सगळी आळी बाहेर आली. सासू आली.

तिचं तोंड बघायचं होतं ना. बघितलं. तोंड चांगलं होतं, प्रेमळच होतं. आवं ग्यानबाराव, म्हणाली, या बसा, दुखणं बरं झालं का तुमचं? बरीच तब्येत सुधारली म्हणायची. मी म्हटलं, कोणतं दुखणं? ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, पदमाला न्यायला आलोय. ती म्हणाली, पदमा तर माहेरी गेली.

मी म्हटलं, माहेर म्हणजे मीच.

मग तिनं सांगितलं. पलीकडच्या गावी जळबा म्हणून एक शेतकरी आहे, यांच्याच नात्यातला. त्याची सख्खी बहीण दुष्काळात वारली. महालक्ष्म्यांच्या वेळी तो इथं आला होता, पदमाला बघितलं, आणि म्हणाला की हिचा भाऊ एवढा आजारी आहे तर तो उठेपर्यंत मी हिचा भाऊ. धनतेरसीच्या आधी मुराळी होऊन आला. बैलगाडीत कडबा टाकून वर वाकळ अंथरून आणली होती. सासू म्हणाली, भाऊ आला, मी धाडली, माझं काय म्हणणं हाय. तुमची माय बी तिकडंच हाय, जळबानंच बोलावून घेतलं.

मुंजाजीरावांनी चहा दिला. तेच आता भाऊबिजेचं जेवायला तिकडं निघाले होते. म्हणाले, चला ना ग्यानबाराव, गाडीवाट हाय, तुमची गाडी जाईल. तिला लई आनंद होईल. सासूनं तोवर गाडीभोवती एक चक्कर मारली, गादी दाबून बघितली, म्हणाली, झ्याक हाय, कापसाचं भाडं मारा हिच्यावर.

मी गेलो नाही. गाडीवाट खडबडीत असते. स्प्रिंग बसले असते.

लुगडं मुंजाजीरावांकडं दिलं. गाडी वळवून घरी आलो. येताना गाडी कुठंच बंद पडली नाही. एकदा तरी पडायला हवी होती.

१७ नोव्हेंबर

दुपारी आई आली. मी विचारलं, माझ्या दुखण्याचं त्यांना कोणी सांगितलं? आई पाय धूत होती. म्हणाली, मी. लेकरू गेलं तवा तू आला न्हाईस. तेव्हाच म्हटलं, दादाच्या छातीत दुखतंय, हलता येत न्हाई. पंचमीला बी तेच सांगितलं, धोंड्याला बी तेच. भाऊ दारात बसून गाडी रंगवून राहिला असं पोरीला कोणत्या तोंडानं सांगू? ती सोमवार धरून बसली तुझ्यासाठी. सुंठ-मध त्याच्यासाठीच पाठवला.

मी म्हटलं, म्हणजे अजून तिला वाटतं मी आजारी आहे. आई म्हणाली, न्हाई. परवा मुंजाजी येऊन सांगून गेला. ग्यानबाराव ठणठणीत हायेत, लाल गाडी घेऊन आलते, अन् इथवर न येता परत गेले.

मग ती काय म्हणाली?

आई म्हणाली, जळबाच्या पोरीची वेणी घालून राहिली व्हती. घालत राहिली. वेणी झाल्यावर म्हणाली, माय, म्हणजे दादाला काहीच झालं नव्हतं का? मी म्हटलं, न्हाई. ती म्हणाली, बरं झालं.

आज गाडीला हात लावला नाही.